विधानसभेचा निकाल आपल्या बूथवरून वाचायचा कसा? महाराष्ट्र २०२४ चा निकाल समोर ठेवून

२३ नोव्हेंबर २०२४ च्या रात्रीपर्यंत राज्याचा निकाल सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर उद्धव ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. त्याच रात्री आमच्या गावच्या पारावर मात्र वेगळीच चर्चा पेटली होती. कोणी म्हणत होतं वरच्या आळीनं दगा दिला, कोणी म्हणत होतं मशीननं खाल्लं, कोणी म्हणत होतं बायकांनी घरात एक सांगितलं आणि आत जाऊन दुसरंच बटण दाबलं. तासभर वाद झाला, दोन जिवाभावाचे मित्र बोलेनासे झाले. गावाच्या बूथवर कोणाला किती मतं पडली याचा कागद तिथे एकाच्याही हातात नव्हता.

मी तीन निवडणुकांत मतमोजणीला जाळीमागे बसलो आहे, उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून. तिथे एक गोष्ट मनात पक्की बसली: आधी आकडा, मग कारण. आपण उलटं करतो. कारण आधीच ठरलेलं असतं आणि आकडा त्याला टेकू म्हणून शोधला जातो. बूथचा आकडा कुठे मिळतो, तो वाचायचा कसा, त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे मी ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं सांगतो. एक वही, पेन्सिल आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

पहिली पायरी: कागद जमवा

दोन कागदांवर सगळा खेळ आहे.

पहिला फॉर्म २०. हा मतदारसंघाचा अंतिम निकालपत्रक. एका ओळीत एक मतदान केंद्र, आडव्या रकान्यांत प्रत्येक उमेदवाराची मतं, पुढे एकूण वैध मतं, बाद मतं, नोटा, एकूण आणि शेवटी प्रदत्त मतं (ती म्हणजे काय ते पाचव्या पायरीत सांगतो). हा फॉर्म राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय मिळतो. बरेचदा तो स्कॅन केलेला असतो, तिरका, पुसट, त्यामुळे तीन आणि आठमध्ये गल्लत होते. म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज करून बघायची सवय लावा. बेरीज जुळली नाही तर शंका घेण्याआधी पान मोठं करून आकडा पुन्हा वाचा.

दुसरा १७-सी. तालुक्यात सगळे त्याला ‘सतरा सी’च म्हणतात. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष तो भरतो. केंद्रावर किती मतदार होते, नोंदवहीत किती जणांची नोंद झाली, यंत्रात किती मतं नोंदली गेली, कोणत्या क्रमांकाचं कंट्रोल युनिट (मतं साठवणारं यंत्र) आणि बॅलट युनिट (बटणांचं यंत्र) होतं, कागदी मोहोरांचे क्रमांक काय, हे सगळं त्यात असतं. त्याची प्रत तिथे हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना देतात. म्हणजे हा कागद संकेतस्थळावर शोधायचा नाही, तर तुमच्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसलेल्या माणसाकडे मागायचा.

मी मागायला गेलो तेव्हाचा अनुभव सांगतो. आमच्या शेजारच्या बूथवरचा एजंट सत्तरीचा माणूस. दिवसभर एका जागी बसून काम चोख केलेलं. मी सतरा सी मागितला तर म्हणाला, “तो होय? सदऱ्याच्या खिशात होता, सदरा धुवायला टाकला.” त्याचा लगदा झाला होता. त्या बूथचा ताळा मला कधीच घालता आला नाही. म्हणून आता मी मतदानाच्याच रात्री प्रत्येक एजंटकडे जाऊन कागदाचा फोटो काढून घेतो.

दुसरी पायरी: राज्याचे आकडे दोन चाळण्यांतून काढा

बूथवर उतरण्याआधी दहा मिनिटं राज्याच्या चित्राला द्या. २८८ जागा, बहुमताला १४५. महायुतीच्या तीन मुख्य पक्षांच्या मिळून २३०, महाविकास आघाडीच्या तीन पक्षांच्या ४६. उरलेल्या १२ जागा छोटे पक्ष आणि अपक्षांच्या. विरोधी बाकांवरच्या एकाही पक्षाला सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत, आणि विरोधी पक्षनेतेपदाचा पेच त्यातूनच उभा राहिला.

ही झाली जागांची चाळणी. दुसरी मतांची. भाजप २६.७७ टक्के, काँग्रेस १२.४२, शिंदेंची शिवसेना १२.३८, शरद पवारांची राष्ट्रवादी ११.२८, ठाकरेंची शिवसेना ९.९६, अजित पवारांची राष्ट्रवादी ९.०१. इथे हमखास गोंधळ होतो. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि जागा १०, अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि जागा ४१. मतं जास्त आणि जागा चौथा हिस्सा, हे कसं काय, असा संदेश निकालाच्या दिवशी माझ्या मोबाइलवर वीस वेळा तरी आला असेल.

उत्तर लढवलेल्या जागांत आहे. ती टक्केवारी सबंध राज्यात पडलेल्या मतांची आहे. शरद पवारांच्या पक्षानं ८६ जागा लढवल्या, अजित पवारांच्या पक्षानं ५९. ज्या मतदारसंघांत पक्षाचं चिन्हच यंत्रावर नव्हतं तिथली मतं त्याला पडणार कुठून? मग ढोबळ हिशेब असा करायचा: मतांची टक्केवारी गुणिले २८८, भागिले लढवलेल्या जागा. शरद पवारांच्या पक्षाला लढवलेल्या जागी सरासरी ३८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, अजित पवारांच्या पक्षाला ४४ च्या आसपास. भाजपनं १४९ लढवल्या, त्याचं उत्तर ५१ ते ५२ टक्के येतं. काँग्रेसच्या १०१ जागांवर ३५, ठाकरेंच्या शिवसेनेच्या ९५ जागांवर ३०. आता जागांचे आकडे कोड्यासारखे वाटत नाहीत. जिथे बहुतेक ठिकाणी दोघांतच लढत आहे तिथे सरासरी ४४ मिळवणारा भरपूर जागा जिंकतो आणि ३८ वाला बहुतेक ठिकाणी दुसरा येतो. दुसऱ्याला आपल्या पद्धतीत काहीच मिळत नाही.

सगळे मतदारसंघ एका मापाचे नसतात, काही ठिकाणी मैत्रीपूर्ण लढतीही झाल्या, म्हणून हा हिशेब दशांशापर्यंत ताणू नका. पण कुठल्याही पक्षाची टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न ‘किती जागा लढवल्या?’ हाच विचारायचा.

तिसरी पायरी: मतदारसंघात फक्त लीड बघू नका

लीड किती, एवढं विचारून आपण थांबतो. मी प्रत्येक मतदारसंघाचे तीन आकडे लिहितो: पहिल्याची मतं, दुसऱ्याची मतं, आणि दोघांना सोडून उरलेल्या सगळ्यांची मिळून मतं.

शिरपूरला काशिराम पावरा १,४५,९४४ मतांनी आले. तिथे तिसरा आकडा बघण्याची गरजच नाही. मालेगाव मध्यला मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी, साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी, बेलापूरला मंदा म्हात्रे ३७७ मतांनी. इथे मात्र तिसरा आकडाच बोलतो. माहीमचं उदाहरण घ्या. महेश सावंत ५०,२१३, सदा सरवणकर ४८,८९७, अमित ठाकरे ३३,०६२. लीड १,३१६ आणि तिसऱ्याकडे त्याच्या पंचवीसपट मतं. या निकालाचा अर्थ ‘अमुक जिंकला, तमुक हरला’ एवढ्यात मावत नाही.

आंबेगावचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागून राहिलं आहे. दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी जिंकले. हरलेले शरद पवारांच्या पक्षाचे देवदत्त निकम, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यादीत त्याच नावाचा एक अपक्ष, चिन्ह ट्रम्पेट, म्हणजे आपल्याकडे जिला पिपाणी म्हणतात ती. त्या अपक्षाला २,९६५ मतं. ही सगळी मतं चुकून पडली असं आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण आत जाऊन कोणी काय विचार केला हे कागदावर नसतं. पण हा रकाना बूथनिहाय वाचता येतो. ज्या गावात त्या अपक्षाचा एकही कार्यकर्ता नाही, एकही सभा झाली नाही, तिथेही त्याला प्रत्येक बूथवर सात-आठ-दहा मतं सारखी दिसत असतील तर गल्लतीची शक्यता वाढते. एखाद्याच गावात मतं एकवटली असतील तर ती त्याची स्वतःची असण्याची शक्यता जास्त. नामसाधर्म्याचा उमेदवार तुमच्याकडे असेल तर त्याच्या रकान्यावरून बोट खाली नेत हीच तपासणी करा.

अनामत रकमेचं थोडक्यात. विधानसभेला ती १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त. या हिशेबात नोटा धरत नाहीत.

चौथी पायरी: फेऱ्यांच्या आकड्यांना घाबरू नका

मतमोजणी सकाळी आठला टपाली मतांनी सुरू होते, साडेआठपासून यंत्रं टेबलावर येतात. साधारणपणे एका मतदारसंघाला चौदा टेबलं. एका वेळी चौदा बूथची यंत्रं म्हणजे एक फेरी. राज्यात १,००,१८६ मतदान केंद्रं होती, म्हणजे एका मतदारसंघाला सरासरी साडेतीनशेच्या आत-बाहेर आणि फेऱ्या पंचवीसच्या आसपास.

आता लक्षात घ्या, यंत्रं केंद्राच्या अनुक्रमांकानं येतात आणि ते अनुक्रमांक गावांच्या क्रमानं लावलेले असतात. म्हणजे पहिल्या पाच फेऱ्यांत मतदारसंघाचा एकच कोपरा मोजला जातो. दोन तालुक्यांचा मतदारसंघ असेल तर पहिल्या बारा फेऱ्या एका तालुक्याच्या, पुढच्या तेरा दुसऱ्याच्या, असं होऊ शकतं. टीव्हीवर ‘सोळाव्या फेरीनंतर चित्र पालटलं’ म्हणतात तेव्हा चित्र पालटलेलं नसतं, नदी ओलांडून पलीकडची गावं मोजायला घेतलेली असतात. मतं तीन दिवसांपूर्वीच पडून गेलेली आहेत. कर्जत-जामखेडला रोहित पवार अवघ्या १,२४३ मतांनी आले. अशा ठिकाणी फेरीगणिक छातीत धडधडतं हे मला मान्य आहे. पण आपल्या मतदारसंघाची गावं कोणत्या फेरीत येतात याचा तक्ता आदल्या रात्री करून ठेवला, तर कोणती फेरी कोणाची हे आधीच कळतं आणि अफवेला पाय फुटत नाहीत.

पाचवी पायरी: आपली ओळ वाचा

इथे वेळ काढा. सगळा लेख या पायरीसाठी लिहिला आहे.

समजा तुमचा बूथ क्रमांक ११२. (आकडे मी समजावण्यापुरते घेतो आहे.) सतरा सीवर यंत्रातली एकूण मतं ७४२. फॉर्म २० च्या ११२ व्या ओळीत अ ला ३९८, ब ला २७१, बाकीच्यांना मिळून ५८, नोटा १५. बेरीज ७४२. जुळलं. मतदानाच्या संध्याकाळी यंत्र बंद करताना जेवढी मतं आत होती तेवढीच तीन दिवसांनी बाहेर आली, हे तुम्ही स्वतःच्या हातानं पडताळलं. गावातल्या कोणालाही तो कागद दाखवून हे सांगता येतं. माझ्या लेखी हा ताळा शंभर भाषणांपेक्षा मोलाचा आहे.

टेबलावरही हेच होतं. कंट्रोल युनिट पेटीतून काढतात, त्याचा क्रमांक आणि मोहोर जाळीकडे वळवून दाखवतात. आधी ‘टोटल’चं बटण, तो आकडा सतरा सीशी पडताळायचा. मग निकालाचं बटण, आणि पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा येतो. प्रतिनिधीच्या हातात सतरा सीची प्रत नसेल तर तो नुसताच आकडे लिहून घेणारा कारकून होतो. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा तसाच बसलो होतो.

आकडे जुळले नाहीत तर? घाबरून आरोळी ठोकण्याआधी कारण विचारा. मतदानापूर्वी सकाळी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी म्हणून खोटं मतदान घेतात. ती मतं पुसायची राहून गेली तर टोटल जास्त येते. असं यंत्र बाजूला ठेवतात. शेवटी पहिल्या-दुसऱ्यातला फरक त्या बूथच्या मतांपेक्षा जास्त असेल तर ते मोजत नाहीत, कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे बटण दाबल्यावर छापून पेटीत पडणाऱ्या, चिठ्ठ्या मोजतात. शिवाय प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून बघतात. तुमचा बूथ त्या पाचांत होता का, हे नक्की विचारा.

ओळीच्या शेवटचा प्रदत्त मतांचा रकाना बहुतेक जण बघतच नाहीत. तुम्ही मत द्यायला गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. ते पाकिटात बंद होतं, मोजणीत येत नाही, पण त्याची नोंद या रकान्यात राहते. एखाद्या बूथवर तिथे शून्याऐवजी दोन-तीन दिसले, तर तिथे दुसऱ्याच्या नावावर मतदान झाल्याची ती लेखी खूण समजा.

तळाशी तीन बेरजा असतात: यंत्रातली मतं, टपाली मतं, एकूण. टपाली मतं कुठल्याही बूथच्या ओळीत नसतात. सैनिक, निवडणूक कामावरचे कर्मचारी, घरून मत देणारे ८५ वर्षांवरचे ज्येष्ठ आणि दिव्यांग, यांची मतं त्यात. २०२४ ला राज्यात मतदान केंद्रांवर सुमारे ६ कोटी ४० लाख ८८ हजार मतं पडली आणि वैध टपाली मतं सुमारे ५ लाख ३८ हजार. ‘पडली कमी, मोजली जास्त’ असा गदारोळ निकालानंतर झाला, तेव्हा निवडणूक यंत्रणेनं फरकाचं कारण म्हणून याच टपाली मतांकडे बोट दाखवलं. मतदारसंघामागे सरासरी काढली तर ही मतं साडेअठराशेच्या वर जातात. वरचे १६२, २०८, ३७७ हे लीड पुन्हा आठवा, म्हणजे टपाली पाकिटांच्या टेबलावर अनुभवी माणूसच का बसवायचा ते समजेल.

सहावी पायरी: सहा महिन्यांपूर्वीच्या ओळीशी ताडून बघा

लोकसभेचा फॉर्म २० ही विधानसभा मतदारसंघनिहाय निघतो, म्हणून त्याच बूथची दोन्ही निवडणुकांची ओळ शेजारी शेजारी ठेवता येते. केंद्रांचे क्रमांक मधल्या काळात बदलू शकतात. त्यामुळे क्रमांकावर भरवसा ठेवू नका, शाळेच्या नावावरून आणि खोली क्रमांकावरून जोडी लावा.

एप्रिल-मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीनं ४८ पैकी ३० जागा घेतल्या, महायुतीनं १७. मतं मात्र दोन्ही बाजूंची जवळपास सारखी होती. नोव्हेंबरमध्ये तेच अंतर साडेचौदा टक्क्यांवर गेलं. बारामती विधानसभा क्षेत्रात लोकसभेला सुप्रिया सुळेंना सुमारे ४८ हजारांचं लीड होतं, आणि तिथेच नोव्हेंबरमध्ये अजित पवार १,००,८९९ मतांनी आले. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे तिकडचे लोक आधीपासून बोलतच होते. मतदार दोन निवडणुकांकडे दोन वेगळ्या नजरांनी बघतो, हे मान्य करूनच पुढचा हिशेब करा.

आपल्या ११२ नंबरच्या बूथवर समजा लोकसभेला ६४० मतं पडली होती: अ च्या आघाडीला २६२, ब च्या आघाडीला ३४१, बाकी ३७. विधानसभेला ७४२. म्हणजे १०२ मतं वाढली. अ ची १३६ वाढली, ब ची ७० घटली, बाकीची ३६ वाढली. आता पारावर दोन वाक्यं हमखास येतात. “ब ची सत्तर मतं फुटली” हे एक, आणि “नवीन आलेल्यांनी सगळी अ ला टाकली” हे दुसरं. दोन्ही खरी असू शकतात, दोन्ही खोटी असू शकतात. ब चे सत्तर जण घरीच बसले असतील आणि अ ची सगळी वाढ लोकसभेला न आलेल्यांची असेल. किंवा ब चे सत्तरच्या सत्तर अ कडे गेले असतील. ओळीतून फक्त गोळाबेरीज कळते, माणूस कळत नाही. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये खात्यात येऊ लागले होते, आणि बायकांनी निकाल फिरवला असं सगळीकडे बोललं गेलं. फॉर्म २० मध्ये बायकांचा वेगळा रकाना नाही. जातीचा तर नाहीच नाही. एका आळीचा बूथ म्हणजे एका जातीचं मत, असं छापून मोकळं होणारे आमच्याकडेही आहेत. त्यांच्यामुळे मत गुप्त ठेवण्याच्या माणसाच्या हक्कावर घाला पडतो, आणि निकालानंतर एखाद्या वस्तीचं पाणी किंवा रस्ता अडवण्याची भाषा तिथूनच सुरू होते. बूथचा कागद कृपा करून त्यासाठी वापरू नका.

मग वाढलेल्या १०२ मतांचा माग घ्यायचा तर काय बघायचं? मतदारयादी. लोकसभेला राज्यात ९ कोटी ३० लाखांच्या आसपास मतदार होते, विधानसभेला ९ कोटी ७० लाख. या चाळीस लाखांच्या वाढीवरून राजकारण तापलं. राज्याचा वाद राज्यात चालू द्या, तुमच्या यादी भागापुरतं उत्तर तुम्ही घरबसल्या शोधू शकता. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि नव्यानं आलेली नावं पेन्सिलीनं अधोरेखित करा. गावात साताठशे नावं असतात, दोन संध्याकाळी पुरतात. अठरा वर्षं पूर्ण झालेली पोरं, लग्न होऊन आलेल्या सुना, बदलीवर आलेले शिक्षक असे गट आपोआप पडतात. ओळख पटत नाही अशी नावं उरली तर ती मोजा आणि बूथस्तर अधिकाऱ्याला भेटा. हरकत घ्यायला फॉर्म ७ आहे, तो निवडणुकीची वाट न बघता भरता येतो.

सातवी पायरी: संध्याकाळी पाचनंतरचे आकडे

२० नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५ टक्के. फरक पावणेआठ टक्क्यांच्या वर, मतदारांत सुमारे ७६ लाख. हा आकडा ऐकून माणूस दचकतो. मीही दचकलो होतो. मग केंद्रांनी भागून पाहिलं: एका केंद्रावर सरासरी ७६. आधीच्या दहा तासांत एका केंद्रावर तासाला सरासरी ५६ जण मत देत होते. म्हणजे शेवटच्या टप्प्यात वेग वाढलेला दिसतो, आणि त्या टप्प्यात पाच ते सहाचा पूर्ण तास आणि सहाच्या ठोक्याला रांगेत उभे असलेले सगळे येतात. त्यांना रांगेच्या शेपटाकडून चिठ्ठ्या वाटतात आणि शेवटचा माणूस आटपेपर्यंत मतदान चालतं. दिवसभराचे टक्के केंद्रांवरून कळवलेले अंदाजी असतात, पक्का आकडा सतरा सीचा.

सरासरीनं मात्र तुमच्या बूथचं समाधान होत नाही. तिथला प्रश्न साधा आहे: सहा वाजता किती चिठ्ठ्या वाटल्या? तुमच्या एजंटनं तो आकडा कागदाच्या मागे लिहून ठेवला असेल तर उत्तर मिनिटात मिळतं. लिहिला नसेल तर नंतर कितीही आरडाओरड केली तरी हातात काही राहत नाही.

आठवी पायरी: शंका उरलीच तर

माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीनं हीच वाट धरली होती. बूथचा आकडा बघितला. तिथे भाजपच्या राम सातपुतेंना १,००३ आणि शरद पवारांच्या पक्षाच्या उत्तम जानकरांना ८४३ मतं. मतदारसंघ जानकरांनीच जिंकला होता, तरी गावातल्या लोकांना हा आकडा पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. गावानं स्वतःची ओळ वाचून प्रश्न विचारला, याचा मला आदर आहे. पण गुप्त मत एकदाच पडतं. दोन आठवड्यांनी, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, निकाल माहीत असताना दिलेलं मत हे तेच मत राहत नाही. म्हणून कायद्यानं दिलेल्या वाटा आणि त्यांच्या मुदती माहीत हव्यात, कारण त्या फार लवकर संपतात.

फेरमोजणीची मागणी एकूण मतं जाहीर झाल्यावर आणि निकाल घोषित होण्याआधी करायची असते. ती लेखी आणि कारणांसह, उमेदवारानं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं. ही फट काही मिनिटांचीच असते. अर्जाचा कच्चा मसुदा सकाळी खिशात घेऊनच आत जा, तिथे कागद शोधत बसाल तर वेळ गेलेली असेल. यंत्रांच्या तपासणीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानं नवी वाट दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालापासून सात दिवसांत लेखी मागणी करून विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्क्यांपर्यंत यंत्रांची मेमरी तपासून घेऊ शकतो. शुल्क त्यानं भरायचं, छेडछाड सापडली तर ते परत. आणि निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, निकालाच्या तारखेपासून ४५ दिवसांत. ती उमेदवारालाच करता येते असं नाही, त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो.

पुढच्या निवडणुकीला बूथवर बसणार असाल, तर बरोबर न्यायच्या कागदावर आधीच पाच रकाने आखून ठेवा: सकाळी अभिरूप मतदानात किती मतं टाकली आणि ती पुसली का, यंत्रांचे क्रमांक, दर दोन तासांनी पडलेली मतं, सहा वाजता वाटलेल्या चिठ्ठ्या, आणि शेवटची टोटल. खाली सतरा सीची प्रत टाचणीनं लावा. घरी पोचल्यावर फोटो काढून गावातल्या दोघा-तिघांना पाठवा, विरोधी बाजूच्या एजंटलाही. दोन्ही बाजूंकडे एकच कागद असला की पारावर निदान आकड्यावरून भांडण होत नाही. आमच्या त्या सत्तरीच्या एजंटला मी प्लास्टिकची एक पिशवी दिली आहे, चेन असलेली. त्यानं ती मतदार ओळखपत्राबरोबर ट्रंकेत ठेवली आहे.